मास्तर खड्ड्यात नव्हते

आधीच सांगून ठेवतो मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. असणार कसा? भूत म्हणजे आमच्या पोटापाण्याचा विषय. झाडीपट्टीच्या स्टेजवर बत्तीस वर्षं मी खलनायक करतोय. त्यात चारशे वेळा मेलोय, आणि त्यातल्या तीनशे वेळा तिसऱ्या अंकात भूत होऊन परत आलोय. तोंडाला फासायची पांढरी पावडर नागपूरच्या इतवारीत कुठल्या गल्लीत स्वस्त मिळते तेही मला ठाऊक आहे. हलवायाला पेढ्याचं काय कौतुक?

दुसरी गोष्ट — मी थापाड्या आहे. माझी बायको मनीषनगरच्या अख्ख्या बिल्डिंगीत हे सांगत फिरते, तेव्हा लपवून काही उपयोग नाही. म्हणून या वेळी उलटं केलंय. जे घडलं त्यातलं थोडं कमीच लिहितोय. तरीही पटलं नाही तर तुमची मर्जी.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई आली की नाटक आलंच. आज या गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. एका सीझनमध्ये पाठ किती करणार? म्हणून आम्ही पाठ करतच नाही! स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर बसतो, मांडीवर वही, डोक्याशी छोटा बल्ब. तो वाक्य देतो, आम्ही ते उचलतो आणि पब्लिकच्या अंगावर फेकतो. एवढंच. अभिनय आमचा, अक्कल त्याची.

आमचे प्रॉम्प्टर म्हणजे पुंजाराम मास्तर. वय चौऱ्याहत्तर, मूळचे उमरेडचे, विणकर कोष्ट्याच्या घरातले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं — “आमच्या घराण्यानं खड्ड्यात बसूनच पोट भरलं गा. बापानं मागाच्या खड्ड्यात पाय सोडले, म्या स्टेजच्या.” मास्तरांची खासियत म्हणजे त्यांची कुजबुज. ती नटाच्या कानात बरोबर जायची आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही ऐकू यायची नाही. कशी, ते विचारू नका. गोफण मारावी तसं ते वाक्य नेमकं कानावर मारत. पडदा उघडायच्या आधी खड्ड्यात उतरायचे, मंडप रिकामा झाल्यावर बाहेर यायचे. चाळीस वर्षांत त्यांचं नाव एकाही पोस्टरवर आलं नाही. पोस्टरवर जनरेटरवाल्याचं नाव असतं हो... मास्तरांचं नाही!

आणि आमची सवय अशी की खड्ड्यातून जे येईल ते बोलायचं. विचार करायचा नाही. एकदा मी हिरॉइनचा गळा दाबत होतो, तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला, “थांब मन्या, पायाखाली इच्चू!” मी डोळे वटारून, छाती फुगवून, गरजलो — “थांब मन्या! पायाखाली इच्चू!” मग खाली विंचू पाहिला आणि हिरॉइनच्या गळ्यातच उडी मारली. दहा हजार पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. (बरं, चार हजार.) पुढच्या तीन प्रयोगांना गावांनी “इच्चूचा सीन” मागून घेतला. नाटकात मन्या नावाचं पात्रच नव्हतं, पण कोणाला पडलीय?

तर असा मी मन्या, म्हणजे मनोहर. सीझन संपला की इतवारीत भांड्यांच्या दुकानात गंज-पातेली विकतो. तिथं एक दिवस पुण्याचा एक पोरगा आला, अनिकेत नावाचा. दाढी, टोपी, गळ्यात काहीतरी लटकतंय. मला पाहून म्हणाला, “सर, तुमचा आवाज मला पाहिजे.” मी म्हटलं, “आवाज फ्री आहे, कुकर घ्या.” पण तो डायरेक्टर निघाला. सिनेमा काढत होता — भुताचा. दुसरं महायुद्ध, नागपूरच्या बाहेर एक अनाथालय, काळे कागद लावलेल्या खिडक्या. विमानांचा हल्ला होईल या भीतीनं भोंगा वाजला की सगळी पोरं अंगणातल्या चरात उतरवायची. अशाच एका सरावात तिथला वॉर्डन बाळू नावाच्या पोराला चरातच विसरतो. सकाळी पोरगं मेलेलं सापडतं. त्यानंतर भोंगा वाजला की बाळू चरात येऊन बसतो. शेवटी वॉर्डन एकटा त्या चराच्या काठावर उभा राहतो आणि कबुली देतो. पाच मिनिटांचं भाषण, मध्ये कट नाही.

वॉर्डन मी! बत्तीस वर्षांनी सिनेमा! घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “आजच्या दिवस तरी खरं बोला.”

कामठी रोडवरून आत एका ट्रस्टची जुनी बंद इमारत होती, तिथं शूटिंग. (नाव लिहीत नाही. भले लोक आहेत, उगाच पोरंसोरं भूत पाहायला जातील.) अंगणातला चर खराच होता, त्या काळात खणलेला. आर्टवाल्यांनी फक्त साफ करून कडेला गोणपाटं रचली. महिना मे. तुम्हाला वाटेल भुताच्या सिनेमात धुकं असेल, थंडी असेल. इथं दुपारी अडीच वाजता सत्तेचाळीस डिग्री आणि मी वॉर्डनच्या लोकरी कोटात! कोटाच्या आत साठ. खिशात बायकोनं ऊन लागू नये म्हणून कांदा ठेवलेला, तो बहुतेक खिशातच शिजला असणार. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी भूतसुद्धा कूलर सोडून बाहेर निघत नाही.

आणि तिथं माझी फजिती झाली. पहिल्या दिवशी ते भाषण करायला उभा राहिलो, “बाळू...” म्हणालो आणि थांबलो. सवयीनं वाट पाहत राहिलो. खड्डा समोर आहे, पण खड्डा गप्प! अकरा टेक झाले. पाठ करायचा प्रयत्न केला, पण ज्या भांड्यात बत्तीस वर्षं काही साठवलंच नाही, त्यात राहणार काय?

अनिकेतनं टोपी काढून आपटली. “मनोहर सर, स्पष्ट बोलतो. परवा पाच वाजता आपली परमिशन संपते. तोवर हा सीन झाला नाही तर मी पाठमोरा डमी उभा करेन आणि पुण्यात दुसऱ्याच्या आवाजात डब करेन.”

दुसऱ्याचा आवाज! माझ्या तोंडात! माझं नाक कापलं असतं तर चाललं असतं, मेकअपवाल्यानं दुसरं लावलं असतं. पण आवाज? मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “सर, एक माणूस आणू द्या.”

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. साउंडवाली पूर्वा, कानाला कायम हेडफोन लावलेली शिस्तीची मुलगी, लगेच आडवी आली. “प्रॉम्प्टर नाही चालणार. आम्ही जागेवरच आवाज घेतो, काका. तुमची कुजबुज रेकॉर्ड होईल.”

मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पोरी, तुह्या मशीनले माहा आवाज ऐकू आला ना, तर मी वही फाडून खाईन. लाव तुहं भोंगाडं.”

आणि चरात उतरले. कोपऱ्यात गोणपाटाआड, कॅमेऱ्याला दिसणार नाही असे. एक स्टूल, मांडीवर वही. पूर्वानं तीन वेळा टेस्ट घेतली. तीन वेळा मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला आणि तीन वेळा तिच्या हेडफोनमध्ये शून्य! ती हेडफोन काढून त्याकडे असं पाहत होती, जसं काही त्यानंच तिला फसवलंय. मास्तर खालून म्हणाले, “वही वाचली ना माही?”

त्या दिवशी उजेड गेला म्हणून टेक झाला नाही, नुसती तालीम झाली. निघताना मास्तर पायऱ्या चढून वर आले, छातीवर हात ठेवून जरा थांबले. मी म्हटलं, “काय झालं गा मास्तर?”

“काही नाही. ऊन होय.” मग माझ्या कोटाच्या खिशावर थाप मारून म्हणाले, “उद्या तू फक्त तोंड उघड मन्या. बाकी मी आहो खड्ड्यात.”

शेवटचा दिवस. लाइट, कॅमेरा यांचीच भानगड दोनपर्यंत चालली. सेटवर सगळ्यांचे फोन एका डब्यात जमा करून व्हॅनमध्ये ठेवायचे असा पूर्वाचा नियम, म्हणून माझाही तिकडेच. मास्तर आले का, हे मी कोणाला विचारलंही नाही. प्रॉम्प्टरला कोणी विचारत नाही हो. तो दिसत नाही, असतो. चाळीस वर्षं तो आमच्या आधी खड्ड्यात असतोच. फक्त टेकच्या आधी काठावर जाऊन, नाटकात विचारतो तसं विचारलं, “मास्तर, आले का?”

खालून खोकला आला. मास्तरांचा खोकला — दोन छोटे, एक मोठा. हजार प्रयोग त्या खोकल्यावर मी स्टेजवर गेलोय.

“साउंड?” “रोल.” “कॅमेरा?” “रोल.” “ॲक्शन!”

मी चराकडे पाहिलं. गोणपाटाआड सावली होती. खालून पहिलं वाक्य आलं आणि मी तोंड उघडलं.

मंडळी, पुढची पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली आहेत की दुसऱ्या कोणाच्या, मला माहीत नाही. “बाळू, त्या दिवशी मी पोरं मोजली नाहीत...” एकेक वाक्य येत होतं आणि मी उचलत होतो. “भोंगा थांबला तेव्हा सगळ्यांत आधी मी वर आलो. वॉर्डन सगळ्यांत शेवटी वर येतो, बाळू. मी पहिला आलो.” घाम कपाळावरून डोळ्यांत, डोळ्यांतून गालावर. तो घाम होता की रडणं, ते मेकअपवाल्यालाही ओळखता आलं नाही. लाइटवाले हलायचे थांबले. झाडावरचा कावळा गप्प झाला. (कावळ्याचं मी वाढवलं. पण लाइटवाले खरंच थांबले.)

शेवटचं वाक्य होतं, “मला माफ कर.” ते मी बोललो. मग वहीप्रमाणे गुडघ्यावर बसून मान खाली घालायची आणि कट.

पण खड्ड्यातून अजून एक वाक्य आलं.

“घाबरू नको गा. मी आहो इथंच.”

तालमीत हे नव्हतं. वहीत नव्हतं. पण मी विचार करतो का? इच्चूच्या वेळी केला होता? खड्ड्यातून आलं, मी उचललं. गुडघ्यावर बसलो, चरात हात सोडला आणि त्या मेलेल्या पोराला म्हणालो, “घाबरू नको गा... मी आहो इथंच.”

“कट” कोणी म्हणेचना. मी हात तसाच चरात सोडून बसलेलो, कमरेत कळ. शेवटी मीच म्हटलं, “सर, कट म्हणा ना जी, कोटात मरून राहिलो!” तेव्हा अनिकेत उठला. दाढीतून पाणी गळत होतं पोराच्या. मला मिठी मारून म्हणाला, “सर, ते शेवटचं वाक्य... कुठून आणलंत? अख्खा सिनेमाच त्या वाक्यात आला!” आणि मग टाळ्या! स्पॉटबॉयपासून कॅमेरामनपर्यंत! बत्तीस वर्षांत लाखभर टाळ्या घेतल्या असतील, पण या पंचवीस माणसांच्या टाळ्या त्या सगळ्यांच्या वर.

मी मात्र ओरडलो, “मला काय मिठी मारता? खाली मारा! मास्तर, या वर!”

आणि मी स्वतःच चरात उतरलो.

स्टूल होतं. स्टुलावर वाळकी पानं. काल पडलेली, हात न लागलेली. कोणी बसलेलं नव्हतं.

तेवढ्यात पूर्वा काठावर आली, हेडफोन गळ्यात. “मनोहर काका, आज मास्तरांची कुजबुज रेकॉर्ड झाली. पहिल्यांदाच. सगळी नाही, फक्त ते शेवटचं वाक्य. तुमच्या आधी, खालून, अगदी स्वच्छ. सांगा त्यांना, वही खावी लागेल.”

मी तिला स्टूल दाखवलं. मग मी व्हॅनकडे पळालो. लोकरी कोटात, सत्तेचाळीस डिग्रीत, पन्नाशी उलटलेला माणूस... ऑलिंपिकमध्ये घेतलं असतं मला. फोनवर सतरा मिस्ड कॉल. (बरं, नऊ.) सगळे मास्तरांच्या मुलीचे, शोभाचे.

“मनोहरभाऊ, कुठं आहात तुम्ही? बाबांना पहाटे अटॅक आला. धंतोलीतल्या हॉस्पिटलात आणलंय. दोन वाजता आत नेलं, अँजिओप्लास्टी चालू आहे...”

घड्याळात तीनला पाच कमी होते. पूर्वाच्या मशीनवर टेकची वेळ होती दोन चाळीस.

कामठी रोड ते धंतोली मी त्या कोटातच गेलो. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये लोक बाजूला झाले. माझ्या अवतारामुळे की कांद्यामुळे, देव जाणे. शोभा बाकावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. मला पाहून रडायला लागली, मग कोट पाहून हसायला लागली, मग पुन्हा रडायला. साडेतीनला डॉक्टर बाहेर आले. “झालं छान. स्टेंट टाकलाय. आजोबा कडक आहेत. फक्त पूर्ण वेळ बडबड चालू होती. नाटकात आहेत का ते?”

शोभा म्हणाली, “काहून जी?”

“मधेच कोणाला तरी ‘आवाज चढव, चढव’ म्हणत होते. सिस्टरला वाटलं बीपीबद्दल बोलतायत.”

मी शोभाच्या पिशवीकडे पाहिलं. “वही कुठं आहे वं?” तिनं काढून दिली. पहाटे कळ आली तेव्हा मास्तर वही छातीशी धरूनच बसले होते म्हणे, सुटेना, म्हणून सोबत आणली. वही धंतोलीत. मास्तर धंतोलीत. मी शेवटचं पान पाहिलं. “मला माफ कर.” त्याखाली मास्तरांच्या अक्षरात “पडदा”. बस. पुढं काही नाही.

आता इथं मी लिहू शकलो असतो की मास्तरांच्या पायाला चरातली लाल माती लागली होती. तुम्ही खूश झाला असता. पण नव्हती लागली. संध्याकाळी आत सोडलं तेव्हा पाय स्वच्छ होते, वर हॉस्पिटलची चादर. मास्तरांनी एक डोळा उघडला.

“झाला का सीन?”

“झाला मास्तर. एका टेकमध्ये.”

“मले सांगतं काय? मीच देऊन राहिलो होतो ना.” आणि झोपले.

नंतर मी पोलिसाच्या वरचा तपास केला. कोणी मस्करी केली का? युनिटमधली सगळी पोरं पुण्यामुंबईची. त्यांच्यातल्या प्रत्येकाकडून मी “घाबरू नको गा” म्हणवून घेतलं. एकालाही तो ‘गा’ जमला नाही. तालमीचं रेकॉर्डिंग चुकून वाजलं का? पूर्वानं सगळं उकरून काढलं. तालमीत मास्तर मशीनला ऐकूच आले नव्हते आणि ते वाक्य तर तालमीत कोणी उच्चारलंच नव्हतं. माझा भ्रम? माझा असेल, पण मशीनला ऊन लागतं का? उरला तो खोकला. दोन छोटे, एक मोठा. तो मशीनवर नाही. तो फक्त मी ऐकला.

अनिकेतनं ते वाक्य काढलं नाही. सिनेमात तुम्ही पाहाल (पाहाच!) की माझ्या आधी चरातून तो आवाज येतो आणि मग मी तो उचलतो. लोकांना वाटतं बाळूचं भूत वॉर्डनला धीर देतंय. पुण्यात म्हणे लोक त्या जागी हमसून रडले.

नागपुरात पहिला शो लागला तेव्हा झाडीपट्टीवाले दोन गाड्या भरून आले. तबलजी, लावणीवाल्या, जनरेटरवाला, सगळे. मास्तर मधल्या खुर्चीत, नवं धोतर, खिशात गोळ्यांची डबी. सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली. माझं आलं, शिट्ट्या झाल्या. आणि मग पडद्यावर एकटीच ओळ आली —

चरातला आवाज : पुंजाराम मास्तर

अहो, काय तो कल्ला! हॉलचं छत उडालं असतं. (हे खरंच.) लोक खुर्च्यांवर उभे राहिले, जनरेटरवाल्यानं दुपट्टा उडवला, शोभा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. चाळीस वर्षं पोस्टरच्या खाली, मातीत बसलेला माणूस, आणि त्याचं नाव वीस फूट उंच! मी मास्तरांकडे वळलो. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, ओळ निघून जाईपर्यंत नजर हलवली नाही.

मग म्हणाले, “बारीक लिहिलं बे.”

मी त्यांना पुष्कळदा विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठं होतात? ते चिडतात. “कुठं म्हणजे? शब्द देल्ला होता ना तुले? मग खड्ड्यातच!” ऑपरेशन? “ते बी झालं असंन.” दोन्ही खरं कसं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, पूर्वाकडे नाही. ती अजून कधीतरी मेसेज करते, “काका, पुन्हा ऐकलं. तसंच आहे.” भुतावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. आणि मास्तर तर जिवंत आहेत, तेव्हा याला भूत तरी कसं म्हणणार? तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा. मी थापाड्या असलो तरी ऐकून घेतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि या सीझनला मास्तर पुन्हा खड्ड्यात बसले. माझी मात्र एक सवय बदललीय. पूर्वी नुसता खोकला ऐकून निघायचो. आता आधी वाकून पाहतो. मागच्या प्रयोगात पडदा उघडला, मी एन्ट्री घेतली, हातात तलवार, समोर पाच हजार पब्लिक. (मोजून.) आणि बोलायच्या आधी कडेशी जाऊन वाकलो. मास्तर होते. बल्बच्या उजेडात चष्मा चमकला. वैतागून म्हणाले, “काय पाहतं बे? आहो ना मी!”

मी ताठ झालो, छाती फुगवली, तलवार उपसली आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असा गरजलो —

“काय पाहतं बे? आहो ना मी!”

काय टाळी पडली म्हणता!